रास्पबेरी पाय दुरून चालवताना : वाचकांचे प्रश्न

मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. फक्त रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा बोर्ड, मेमरी कार्ड आणि चार्जर आहे. एका जुन्या लेखात युजरनेम 'पाय' आणि पासवर्ड 'रास्पबेरी' दिला होता, तो चालत नाही. सुरुवात कुठून करू?

तो लेख आता विसरा. तयार युजर आणि तयार पासवर्ड एप्रिल २०२२ पासून रास्पबेरी पाय ओएस या त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिममधून काढून टाकले आहेत. एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून बोर्डवर लॉगिन करून आज्ञा देण्याची पद्धत) सुद्धा २०१६च्या अखेरीपासून मुळातच बंद असतं, ते आपण चालू करायचं. दोन्ही बदल योग्यच झाले. जगभर सगळ्यांना ठाऊक असलेला पासवर्ड घेऊन हजारो बोर्ड इंटरनेटवर उघडे बसले होते.

सगळी तयारी कार्ड लिहितानाच करायची. 'रास्पबेरी पाय इमेजर' हा प्रोग्राम कार्ड लिहिण्याआधी होस्टनेम (नेटवर्कवरचं बोर्डचं नाव), युजरनेम, पासवर्ड, वायफाय आणि एसएसएच यांबद्दल विचारतो. ही पायरी घाईत ओलांडली की पुढे मॉनिटर शोधत बसावं लागतं. वायफायसोबत देशही निवडा. तो नसेल तर बोर्ड वायफाय सुरूच करत नाही. बोर्ड 'झीरो २ डब्ल्यू' या मॉडेलचा असेल, तर राउटरचं २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क द्या, कारण ५ गिगाहर्ट्झ त्याला दिसत नाही.

पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड कार्डावरची जागा वाढवून घेतो आणि स्वतःला रीस्टार्ट करतो. तेव्हा चार-पाच मिनिटं त्याला हात लावू नका. 'लागत नाही' म्हणून मध्येच वायर काढली की कार्ड खराब होण्याची शक्यता असते.

होस्टनेमला 'डॉट लोकल' जोडून बोर्ड कधी सापडतो, कधी नाही. असं का?

हे नाव राउटर सांगत नाही. बोर्ड स्वतःच नेटवर्कवर 'हे नाव माझं' असं पुकारतो. या पद्धतीला एमडीएनएस म्हणतात. ही हाक एकाच नेटवर्कपुरती पोहोचते. लॅपटॉप गेस्ट वायफायवर असेल किंवा त्यावर व्हीपीएन चालू असेल, तर ती बहुतेकदा ऐकू येत नाही. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तिथे बोर्ड शोधा आणि त्याला कायमचा आयपी पत्ता राखून द्या. या सोयीला बहुतेक राउटरवर 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' म्हणतात. स्थिर पत्ता बोर्डवर लिहिण्यापेक्षा राउटरवर राखलेला बरा. उद्या राउटर बदलला, तरी बोर्ड चुकीच्या पत्त्यावर अडकून राहत नाही.

पासवर्ड चांगला लांबलचक आहे. तरी 'की' (पासवर्डऐवजी लॉगिनला चालणारी फाइलींची जोडी) बनवायलाच हवी का?

बोर्ड कायम चालू राहणार असेल, तर माझं उत्तर स्पष्ट 'हो' आहे. एसएसएचचा जन्मच मुळी पासवर्डचोरीतून झाला. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले आणि तिथल्या टाटू इलोनेन यांनी हा प्रोटोकॉल लिहिला. वाटेतली चोरी त्यामुळे थांबली, पण अंदाज बांधून पासवर्ड ठोकत राहणारे प्रोग्राम आजही थांबलेले नाहीत. कीसमोर त्यांचा इलाज चालत नाही.

लॅपटॉपवर 'एसएसएच-कीजेन' चालवा आणि प्रकार 'ईडी२५५१९' निवडा. दोन फाइली तयार होतात. शेवटी 'पब' असलेली फाइल बोर्डवर जाते. दुसरी लॅपटॉपच्या बाहेर कधीच जात नाही, ईमेलनेही नाही. पासफ्रेज (या फाइलीचा पासवर्ड) विचारली की ती द्या, रिकामी सोडू नका. पब फाइल बोर्डवर पोहोचवायला लिनक्स आणि मॅकवर 'एसएसएच-कॉपी-आयडी' आहे. नवं कार्ड लिहीत असाल, तर इमेजरमध्येच ती देता येते.

आता नाजूक भाग. की चालली की पासवर्डने लॉगिन बंद करायचं असतं आणि नेमकं इथेच लोक स्वतः बाहेर अडकतात. मी हे काम दोन टर्मिनल (आज्ञा टाइप करायच्या खिडक्या) शेजारी ठेवून करतो. पहिल्यात बोर्डवर लॉगिन केलेलं असतं. त्यातच एसएसएचच्या सेटिंगमध्ये 'पासवर्ड ऑथेंटिकेशन'पुढे 'नो' लिहितो, 'एसएसएचडी'ला 'वजा टी' देऊन फाइलमध्ये चूक नाही ना ते तपासतो आणि मग सेवा रीस्टार्ट करतो. चालू सेशन रीस्टार्टने तुटत नाही. मग दुसऱ्या टर्मिनलमधून नव्याने लॉगिन करून बघतो. आत गेलो तरच पहिलं बंद करतो. नाही गेलो, तर पहिलं उघडंच आहे, तिथून बदल मागे घेतो.

कार्ड पुन्हा लिहिल्यावर लॅपटॉप 'होस्टची ओळख बदलली आहे' असा मोठा इशारा देतो, असंही काहींनी कळवलं आहे. कार्ड तुम्हीच बदललं असेल, तर घाबरू नका. 'एसएसएच-कीजेन'ला मोठा 'आर' आणि बोर्डचं नाव देऊन जुनी नोंद काढा. काहीच बदललेलं नसताना तो इशारा आला, तर मात्र पुढे जाऊ नका. आधी कारण शोधा.

घराबाहेरून बोर्डवर जायचं आहे. राउटरवर एसएसएचचा २२ नंबरचा पोर्ट फॉरवर्ड केला (बाहेरून येणारी जोडणी बोर्डकडे वळवली), तरी बाहेरून काहीच लागत नाही.

आधी तो फॉरवर्ड काढा, मग पुढचं वाचा.

न लागण्याचं कारण बहुधा सीजी-नॅट आहे. इंटरनेट कंपन्यांकडे आयपीव्ही४ पत्ते अपुरे आहेत, म्हणून अनेक ग्राहक एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवले जातात. ओळखायला सोपं आहे. राउटरच्या पानावर दिसणारा 'वॅन' पत्ता आणि 'माझा आयपी काय' हे सांगणाऱ्या साइटवरचा पत्ता ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर बाहेरून आलेली विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. मग राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग शून्य.

आणि लागलं असतं, तरी मी ते सुचवलं नसतं. २२ नंबर उघडल्यावर थोड्याच वेळात अनोळखी पत्त्यांवरून 'रूट', 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट' अशा नावांनी लॉगिनचे प्रयत्न नोंदीत दिसू लागतात. ते कोणी माणूस करत नसतो. प्रोग्राम सगळं इंटरनेट चाळत असतात. पोर्टचा नंबर बदलला की नोंदी कमी होतात, पण दार उघडंच राहतं.

उपाय उलटा आहे: बाहेरून आत यायचं नाही, बोर्डनेच आतून बाहेर जोडणी करायची. टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर हेच करतं. बोर्ड आणि लॅपटॉप दोन्हीवर ते टाकून एकाच खात्यात लॉगिन केलं, की प्रत्येकाला १०० पासून सुरू होणारा एक खासगी पत्ता मिळतो आणि एसएसएच त्या पत्त्यावर चालतं. सीजी-नॅट आड येत नाही. त्याच्या मुळाशी वायरगार्ड हे व्हीपीएन आहे, जे २०२० पासून लिनक्स कर्नलचाच भाग आहे. थेट वाट मिळाली नाही, तर मधल्या रिलेमधून डेटा जातो, पण तेव्हाही तो कुलूपबंदच असतो. एक गोष्ट मात्र आजच करा: टेलस्केलमध्ये उपकरणाच्या कीची मुदत मुळात १८० दिवसांची असते. बोर्डसाठी 'की एक्स्पायरी' बंद करून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी, तुम्ही नेमके दूर असताना, बोर्ड गायब होईल.

स्वतःचा सार्वजनिक पत्ता असेल आणि मधे कुणी नको असेल, तर नुसतं वायरगार्डही उत्तम. त्यासाठी एकच यूडीपी पोर्ट उघडावा लागतो आणि योग्य कीशिवाय आलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही. मी दोन वाटा ठेवतो. दुसरी 'रास्पबेरी पाय कनेक्ट', जी २०२४ मध्ये आली आणि ब्राउझरमधूनच चालते. डेस्कटॉप नसलेल्या लाइट ओएसवर तिचा टर्मिनल तेवढा मिळतो. तिथे युजरसाठी 'लिंगर' चालू करायला विसरू नका, नाहीतर कोणी लॉगिन नसताना ती सेवा बंद पडते.

टर्मिनल नको, डेस्कटॉप दिसायला हवा. व्हीएनसी कसं आहे?

घरातल्या नेटवर्कवर ठीक. २०२३च्या बुकवर्म आवृत्तीपासून डेस्कटॉप वेलँड या नव्या डिस्प्ले पद्धतीवर गेला आणि तिच्यासाठीचं 'वेव्हीएनसी' आलं, त्यामुळे त्याआधीची मार्गदर्शनं जशीच्या तशी लागू पडत नाहीत. व्हीएनसीचा ५९०० पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नका. घराबाहेरून लागलंच, तर वरच्याच वाटेने जा.

अपडेट चालू असताना वायफाय तुटलं आणि काम अर्धवट राहिलं.

टीमक्स वापरा. लॉगिन झालं की आधी ते सुरू करायचं आणि मग काम. जोडणी तुटली तरी काम बोर्डवर चालू राहतं. पुन्हा आत जाऊन 'टीमक्स अटॅच' म्हटलं की स्क्रीन होती तशी समोर येते.

दुरून फायरवॉल चालू करायची आहे. धाडस होत नाही.

भीती रास्त आहे. एकदा मी एसएसएचला परवानगी देण्याआधीच 'यूएफडब्ल्यू' हे फायरवॉलचं साधन चालू केलं. चालू जोडणी काही क्षण टिकली, मग गोठली. बोर्ड शेकडो किलोमीटरवर होता आणि रीस्टार्टने काही होणार नव्हतं, कारण यूएफडब्ल्यू रीस्टार्टनंतरही चालूच राहतं. शेवटी दोन आठवड्यांनी तिथे गेल्यावर कार्ड काढावं लागलं.

तेव्हापासून मी आधी टीमक्समध्ये, रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून, एक ओळ चालवून ठेवतो: ६०० सेकंद थांब आणि मग यूएफडब्ल्यू बंद कर. मग एसएसएचला परवानगी देतो, फायरवॉल चालू करतो आणि नव्या टर्मिनलमधून लॉगिन करून बघतो. जमलं तर ती ओळ रद्द करतो. बाहेर अडकलो, तर दहा मिनिटं वाट बघतो आणि दार आपोआप उघडतं.

आठ-दहा दिवसांनी बोर्ड नेटवर्कवरून नाहीसा होतो. वीज काढून लावली की पुन्हा दिसतो.

पहिला संशय चार्जरवर घ्या. पाय ४ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, पाय ५साठी ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर आहे. मोबाइलचा चार्जर आणि बारीक, लांब केबल यांत व्होल्टेज खाली येतं. बोर्डवर 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही आज्ञा द्या. '०एक्स०' आलं तर वीज ठीक. '०एक्स५००००' आलं, तर सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं आणि बोर्डचा वेगही कमी केला गेला. केबल बदला आणि काही दिवसांनी पुन्हा बघा.

वीज ठीक निघाली, तर वायफायची वीजबचत बंद करा. नेटवर्कमॅनेजरमध्ये त्या जोडणीच्या 'पॉवरसेव्ह'ला २ हा आकडा द्यायचा. जमत असेल, तर सरळ नेटवर्क केबल लावा. बोर्ड पूर्णच गोठत असेल, तर त्यातला हार्डवेअर वॉचडॉग सिस्टिमडी (ओएसच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) याच्या सेटिंगमधून १० सेकंदांवर लावा. सिस्टिम तेवढा वेळ प्रतिसाद देईनाशी झाली, की तो बोर्ड स्वतःच रीस्टार्ट करतो आणि वायर काढायला कोणी जावं लागत नाही.