मोठ्या आतड्याच्या कर्करोगात अँटिऑक्सिडंट गोळ्या स्वतःहून सुरू कराव्यात का?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये क आणि ई जीवनसत्त्वे, सेलेनियम व जस्त कमी आणि ऑक्सिडेटिव्ह ताण (मुक्त मूलके, म्हणजे पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू, वाढल्याने पडणारा ताण) जास्त आढळतो असे वाचून, वडिलांना अँटिऑक्सिडंट, म्हणजे ही मूलके शमवणाऱ्या, गोळ्या द्याव्यात का, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत काम करते. आपण वाचलेले बरोबर आहे. त्यावरून गोळ्यांपर्यंत पोहोचण्याची मात्र मला काळजी वाटते.

रक्तातली पातळी कमी म्हणजे शरीरातला साठा कमी, असे सरसकट म्हणता येत नाही. शरीरात दाह (इन्फ्लमेशन) असला की यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे दाह दाखवणारे प्रथिन वाढवते, अ जीवनसत्त्व वाहून नेणारे प्रथिन व अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन कमी बनवते आणि रक्तातले जस्त स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे साठा पुरेसा असूनही अहवालात आकडा खाली दिसू शकतो. लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनचे याच्या उलट होते: गाठीतून महिनोन्महिने रक्त झिरपून लोह संपत आले असले, तरी दाहामुळे ते सामान्य दिसू शकते, आणि खरी कमतरता नजरेआड राहते. ई जीवनसत्त्व मेदासोबत फिरते, म्हणून त्याचा आकडा कोलेस्टेरॉलशेजारी ठेवूनच वाचावा. मेदाच्या ऑक्सिडीकरणातून तयार होणारे मॅलॉनडायअल्डिहाइड, ज्यावरून ऑक्सिडेटिव्ह ताण मोजतात, वाढलेले आढळते, परंतु ताणामुळे आजार वाढला की आजारामुळे ताण, हे त्या एका मोजणीतून ठरत नाही.

मोठ्या चाचण्यांनी तर सावधच केले आहे. फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते ते अँटिऑक्सिडंट) घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत बीटा-कॅरोटीन, क आणि ई जीवनसत्त्वांनी आतड्यातले नवे ॲडिनोमा (पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठी) रोखले नाहीत. शिवाय किरणोपचार बऱ्याच अंशी मुक्त मूलके निर्माण करूनच कर्कपेशी मारतात, तेव्हा त्या काळात ती मूलके शमवणारी गोळी मोठ्या मात्रेत देणे मला धोक्याचे वाटते. कॅपेसिटाबीन हे केमोथेरपीचे औषध चालू असताना फॉलिक ॲसिड या ब गटातल्या जीवनसत्त्वाने त्या औषधाचे दुष्परिणाम वाढू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

सिद्ध झालेली कमतरता मात्र जरूर भरून काढावी. हिमोग्लोबिन, फेरिटिनसोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारे प्रथिन किती भरलेले आहे ते) व सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, ड जीवनसत्त्व, आणि शस्त्रक्रियेत लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असल्यास बी-१२, एवढ्या तपासण्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. घरात आधीच एखादी गोळी सुरू असेल, तर तिचे पाकीट पुढच्या भेटीत सोबत न्यावे.