इन्सुलिन भरपूर, तरी साखर जास्त?

प्रश्न: डॉक्टर, माझं वजन ९२ किलो. रिपोर्टमध्ये इन्सुलिन पण जास्त आणि साखर पण जास्त, असं कसं काय? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, घाबरू नका, हे खूप जणांचं होतं. स्नायूच्या पेशीवरचा रिसेप्टर म्हणजे दारावरची बेल समजा, इन्सुलिनने ती दाबली की आतून ग्लुट-४ नावाचे वाहक वर येतात आणि साखर आत घेतात, पण वजन वाढून स्नायूत चरबी साठली की बेलची वायरच खराब होते, साखर रक्तातच राहते, मग शरीर आणखी इन्सुलिन सोडत राहतं. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की चालताना स्नायू आकसले की ग्लुट-४ इन्सुलिनशिवायही वर येतं! म्हणून जेवल्यावर पंधरा मिनिटं चालाच. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.