आजोबांचा स्टॅम्पचा अल्बम मिळालाय? मग आधी हे वाच
पहिलं म्हणजे घाई करू नकोस, आणि तिकिटं बोटांनी उचलू नकोस, घामाचे डाग नंतर पिवळे पडतात, चपट्या टोकाचा चिमटा घे. आहे तसे पानापानाचे फोटो काढून ठेव, आजोबांनी पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर तेही. जुनी पानं पीव्हीसीची असतील तर तिकिटं लगेच बाहेर काढ, ते प्लॅस्टिक कागद खराब करतं. पॉलिएस्टरची पारदर्शक पट्टी असलेलं स्टॉकबुक, म्हणजे तिकिटं न चिकटवता पट्टीमागे सरकवून ठेवायची वही, चांगलं. मागे मूळ गोंद असलेलं कोरं तिकीट पाण्यात घालायचं नाही म्हणजे नाही, मी घातलंय एकदा, अजून हळहळतो. पाकिटावरची तिकिटं कापू नकोस, शिक्क्यासकट अख्खं पाकीटच ठेव. अल्बम उभा ठेव, दमट कपाटात नको.