छोट्या वृत्तपत्राला व्यापारी आणि पत्रकार संघटनांचा खरा उपयोग काय?

बार्शीहून एकांनी विचारलंय: "मी साप्ताहिक सुरू करतोय. व्यापारी संघटना, पत्रकार संघ, वृत्तपत्र मालकांच्या संस्था यांची आपल्या भागातल्या छोट्या पेपरला नक्की काय मदत होते? वर्गणी भरून सभासद व्हावं का? सोलापुरातल्या कुणाचा अनुभव असेल तर सांगा."

मी बातमीदार नव्हते. सोलापुरातल्या एका छोट्या दैनिकाचे हिशेब मी अठरा वर्षं सांभाळले, त्यामुळे तुमच्या प्रश्नाकडे मी खतावणीतल्या येणे बाकीच्या पानावरून बघते. छोटा पेपर वाचक कमी पडले म्हणून बंद पडताना मी क्वचित पाहिला. उधारी थकून बंद पडलेले मात्र बरेच पाहिले. संघटना कुठलीही असो, तिच्यामुळे बिल वेळेवर हातात पडत असेल तर ती खरी मदत, असं माझं मत आहे.

आधी आकडा समजून घ्या. दिवाळी अंकात १० हजारांची जाहिरात छापली. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर छापील जाहिरातीवर ५ टक्के, म्हणजे ५०० रुपये कर. तो साधारणपणे बिल फाडलं त्या महिन्याच्या हिशेबात धरून पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो. दुकानदाराने पैसे दिलेत की नाहीत, हे सरकार विचारत नाही. कागद रोखीने, प्लेटा रोखीने, छपाईवाल्याला निदान निम्मे आगाऊ. जाहिरात एजन्सीमार्फत आली असेल तर १५ टक्के कमिशन तिथेच गेलं. उरलेलं संक्रांतीला मिळालं तर नशीब, नाहीतर होळी.

दिवाळी संपली की मी चाटी गल्लीत, म्हणजे सोलापूरच्या कापड बाजारात, वसुलीला जायचे. खांद्याला रेक्झिनची पिशवी, तिच्यात बिलं आणि प्रत्येक बिलाला टाचलेली व्हाउचर कॉपी. जाहिरात छापल्याचा पुरावा म्हणून अंकाचं ते पान जोडावंच लागतं. "मालक बाहेर गेलेत ताई, सोमवारी या." सोमवारी गेलं की, "लग्नसराई होऊ द्या." चाळीस दुकानं, तीन-तीन फेऱ्या. कुणी मुद्दाम बुडवायचं असं नाही. पेपरचं बिल हे सगळ्यात शेवटी द्यायचं बिल, एवढीच बाजारात समजूत.

त्यातून वाट काढून दिली ती कापड व्यापाऱ्यांच्या एका संघटनेच्या वयस्कर चिटणीसांनी. माझी तिसरी फेरी बघून त्यांनी मला दुकानात बसवलं, पाणी दिलं आणि आमचं येणं असलेल्या सभासदांची नावं त्यांच्या वहीत उतरवून घेतली. मग म्हणाले, "सूत उधार आणलं तर मुदतीत पैसे टाकतोच ना आम्ही? मग पेपरनं काय घोडं मारलंय?" पुढच्या वर्षीपासून त्यांनी पद्धतच बदलली. संघटनेच्या नावानं पूर्ण पान, 'सर्व सभासदांतर्फे शुभेच्छा', खाली दुकानांची नावं. कार्यालयातून एकच आर. ओ. (रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापण्याचा लेखी आदेश) आणि छपाईनंतर एकच धनादेश. सभासदांकडून वाटा गोळा करायचं काम त्यांच्या शिपायाचं. माझ्या चाळीस बिलांचं एक बिल झालं. त्या वर्षी दिवाळीनंतरचे आमचे पगार पहिल्यांदा वेळेवर झाले. संघटनेचा आधार मला कळला तो त्या दिवशी.

बार्शीत तुम्हाला हे जमण्यासारखं आहे. तुमच्याकडे मोठी बाजारपेठ आहे, आडते आहेत, किराणा आणि कापडाचे व्यापारी आहेत. एकेका दुकानदाराच्या मागे लागण्याऐवजी संघटनेकडे जा आणि वर्षाचा करार मागा: गुढीपाडवा, गणपती, दसरा, दिवाळी अशी ठरलेली पानं, ठरलेला दर, लेखी आर. ओ. आणि पैसे देण्याची तारीख.

हे लेखी घेण्याला आता आणखी एक कारण आहे. आयकर कायद्यात एक तरतूद आली, २०२३-२४ च्या हिशेबापासून ती लागू झाली, आणि २०२४ च्या सुरुवातीला कापड बाजारात सगळीकडे तिचीच चर्चा होती. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचं. मुदत उलटून वर्षअखेरीला बाकी राहिलं तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. तुमच्या प्रकाशनाची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, करून घ्या आणि तो क्रमांक बिलावर छापा. तुमच्या बाबतीत हे कसं लागू होतं ते सीएला दाखवून घ्या. व्यापाऱ्याला त्याच्याच सीएने ४५ दिवसांची आठवण करून दिली, की तुमच्या फेऱ्या आपोआप कमी होतात.

आता मालकांच्या संस्था. इंडियन न्यूजपेपर सोसायटी १९३९ ची. तिच्याकडून जाहिरात एजन्सींना मान्यता मिळते आणि एजन्सीने सभासद वृत्तपत्रांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ती मान्यता धोक्यात येते. मोठ्या दैनिकांची वसुली सुरळीत चालते त्यामागे हे एक मोठं कारण आहे. तुमच्या साप्ताहिकाला पहिल्याच वर्षी तिथं जायची घाई नको. भाषिक वृत्तपत्रांसाठी १९४१ पासून इल्ना (इंडियन लँग्वेजेस न्यूजपेपर्स असोसिएशन) आहे, तिची चौकशी जरूर करा. पण सभासद नसलात तरी या संस्थांचा फायदा तुमच्यापर्यंत येतो. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात वृत्तपत्र कागदावर १० टक्के सीमाशुल्क बसलं. देशभरच्या वृत्तपत्र मालकांनी ते हटवा म्हणून पाठपुरावा केला आणि पुढच्या फेब्रुवारीत ते ५ टक्क्यांवर आलं. आम्ही देशी कागद घ्यायचो, पण त्याचा भावही आयात कागदाकडे बघूनच हलतो. एकट्या पेपरने दिल्लीला पत्र लिहून हे झालं नसतं.

उद्योगपती वालचंद हिराचंद सोलापूरचे, १८८२ चा जन्म. त्यांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना केली, ती व्यापाऱ्यांचं म्हणणं एका आवाजात सरकारपर्यंत जावं म्हणून. ते म्हणणं लोकांपर्यंत जायला पेपर लागतो, आणि सुताचा भाव का चढला, टॉवेलची निर्यात का अडली, कांद्याची आवक किती झाली हे कळायला पेपरला व्यापारी लागतो. आमच्याकडे बाजारभावाचा रकाना हा सगळ्यात जास्त वाचला जाणारा कोपरा होता. सोलापूरच्या कांदा बाजाराचे भाव एक दिवस चुकले की सकाळी सकाळी मोहोळ-माढ्याहून फोन यायचे. संघटनेकडे खात्रीचा आकडा देणारा एक माणूस असेल, तर ती जाहिरातीपेक्षाही मोठी मदत आहे.

पण याला एक दुसरी बाजू आहे आणि ती तुम्हाला आधीच माहीत असलेली बरी. आमच्या पेपरने एकदा एका कारखान्यात कामगाराचा हात मशीनमध्ये गेल्याची बातमी दिली. दुसऱ्या दिवशी एका संघटनेतून फोन आला, की पुढची बातमी नको. संपादकांनी ऐकलं नाही. महिनाभरात त्या सभासदांच्या जाहिराती एकेक करून थांबल्या. खतावणीत मला ते दिसत होतं: नाव, नाव, नाव, आणि समोर रिकामा रकाना. दोन महिने पगार लांबले. पहिल्या बातमीत कारखानदाराची बाजू विचारली नव्हती, ही आमची चूक होती. ती नंतरच्या बातमीत आम्ही छापली. पण बातमी खरी होती, आणि त्या कामगाराच्या घरचे आमच्या कार्यालयात येऊन बसले होते. जाहिरात देणारे बोलू शकतात, त्यांच्याकडे संघटना आहे, फोन आहे. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा किंवा सोलापूरच्या पूर्व भागात घरी विड्या वळणारी बाई पेपरला कधीच जाहिरात देणार नाही. त्यांची बातमी छापायचा हक्क गहाण पडत असेल तर असा करार करू नका. करारात स्पष्ट लिहा: पैसे जागेचे आहेत, बातमीशी संबंध नाही. आम्ही पुढे हे वाक्य आर. ओ. वर छापूनच घेतलं. त्या सभासदांतले काहीजण वर्षभराने स्वतःहून परत आले.

तेव्हा पत्रकार संघाची मदत झाली. पैशांची नाही, पण पदाधिकारी जाऊन भेटले, तालुक्यातल्या आमच्या वार्ताहराला कुणी हात लावणार नाही हे बघितलं. पत्रकार आणि माध्यम संस्थांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे, तरी गुन्हा नोंदवायला ठाण्यात एकटा वार्ताहर जाणं आणि बरोबर दहाजण जाणं यात फरक पडतोच.

त्याच वार्ताहराबद्दल थोडं. आपल्याकडे तालुक्याचा वार्ताहर बातमी पाठवतो आणि विशेष पुरवणीसाठी जाहिरातीही तोच गोळा करतो, कारण मानधन नावापुरतं आणि जाहिरातीवर कमिशन. ज्याला सकाळी प्रश्न विचारायचा, त्याच्याच दारात संध्याकाळी जाहिरातीसाठी उभं राहायचं. मला हे फार लागायचं. जाहिराती संघटनेच्या कार्यालयातून थेट तुमच्या कार्यालयात आल्या तर हा पेच सुटतो. म्हणून पूर्ण पानाच्या कराराचा मी एवढा आग्रह धरते.

तुमच्या वार्ताहरांना पहिल्या दिवसापासून नेमणूकपत्र द्या. ज्येष्ठ पत्रकारांसाठी राज्याची आचार्य बाळशास्त्री जांभेकर सन्मान योजना आहे. त्यासाठी वयाची अट आहे आणि बऱ्याच वर्षांचा अनुभव कागदावर दाखवावा लागतो. आमच्या एका वार्ताहराकडे तीस वर्षांत नेमणुकीचा एकही कागद नव्हता. पत्रकार संघाच्या लोकांनी जुने अंक चाळून त्याच्या नावाच्या बातम्या काढल्या, जुन्या संपादकांची पत्रं मिळवली, तेव्हा कुठे फाइल पुढे सरकली. आजारपणात मदतीसाठी शंकरराव चव्हाण सुवर्णमहोत्सवी पत्रकार कल्याण निधी आहे, तिथंही अर्ज आणि कागदांची जुळवाजुळव ज्यांना माहीत आहे ते संघातच भेटतात.

नोंदणीचंही तसंच. १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झालाय, शीर्षक आणि नोंदणीचे अर्ज आता ऑनलाइन भरायचे असतात. ज्याने नुकताच भरलाय अशा तुमच्या जिल्ह्यातल्या सभासदाशेजारी बसून भरा.

वर्गणीचं म्हणाल, तर पत्रकार संघाची पहिल्याच वर्षी भरा. व्यापारी संघटनेचे सभासद होऊ नका, त्यांच्याशी करार करा. मालकांच्या संस्थेचं दोन-तीन वर्षांनी, खप स्थिरावला की बघा. आणि पहिल्या अंकाच्या आधी एक वही आखून घ्या: आर. ओ. ची तारीख, छापल्याची तारीख, व्हाउचर कॉपी दिल्याची सही, पैसे आल्याची तारीख. करार घेऊन संघटनेत जाल तेव्हा ती वही बरोबर न्या. चिटणीसांनी माझं ऐकलं ते माझी वही बघून.