'आईला तेल मिळालं नाही'

करोनाची साथ ओसरून इतका काळ लोटला, तरी कॅथलिक कुटुंबांतून येणाऱ्यांच्या तोंडी एक प्रश्न अजून येतोच. घरचं माणूस हॉस्पिटलात एकटं गेलं. फादरांना आत सोडलं नाही. तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा विधी) नाही, कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) नाही, कम्युनियन (ख्रिस्ताचं शरीर म्हणून घेतलेली पवित्र भाकर) नाही, दफनही चार माणसांत उरकलं. त्या आत्म्याचं काय झालं असेल? आणि हे सगळं मी होऊ दिलं, त्याचं काय?

'देव समजून घेतो' हे उत्तर बहुतेकांना आधीच मिळालेलं असतं. उत्तर खोटं नाही, पण लागू पडत नाही. लहानपणापासून चर्चच्या अशा संस्कारविधींचे नियम शिकत आलेल्या माणसाला उत्तरही नियमांतलंच हवं असतं. आमच्या समुपदेशनाच्या व्यवसायातले काही जण असा प्रश्न आला की लगेच भावनांकडे वळतात. मला ते पटत नाही. धर्माचा प्रश्न आधी धर्माचा म्हणून घ्यावा, त्याचं नेमकं उत्तर द्यावं आणि मग काय उरतं ते पाहावं. उरतं तिथून माझं काम सुरू होतं.

पन्नाशीच्या एका गृहस्थांचं उदाहरण घेते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आई 2021 मध्ये गेली. चर्च उघडल्यापासून ते दर रविवारी मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जात, पण शेवटच्या बाकावर बसत आणि कम्युनियनला उठत नसत. घरी रोझरी (प्रार्थनेची जपमाळ) हातात घेतली की दुसऱ्या दशकातच, म्हणजे दहा मण्यांच्या दुसऱ्या टप्प्यातच, थांबत. त्याऐवजी मोबाइलवर एकामागून एक मिस्सा लावून ठेवत, कधीकधी दिवसाला तीन.

"आईला तेल मिळालं नाही, मॅडम. फादर गेटवरून परत गेले. मी आणखी भांडायला हवं होतं."

मी त्यांना व्हॅटिकनच्या अपोस्टॉलिक पेनिटेन्शरीचं (दंडमाफीचे प्रश्न पाहणाऱ्या कार्यालयाचं) 20 मार्च 2020 ला प्रसिद्ध झालेलं फर्मान वाचायला दिलं. तैलाभ्यंग आणि अखेरचं कम्युनियन ज्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नाही, त्यांच्यासाठी त्यात स्पष्ट तरतूद आहे. अशा माणसाला मरणाच्या क्षणी पूर्ण दंडमाफी (क्षमा झालेल्या पापाची उरलेली शिक्षा माफ होणं) मिळते. एरवीच्या तीन अटी म्हणजे कन्फेशन, कम्युनियन आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना. त्या इथे चर्च स्वतः भरून काढतं. मन देवाकडे वळलेलं असावं आणि त्या माणसानं हयातीत काही प्रार्थना म्हटलेल्या असाव्यात, एवढंच मागितलं आहे. जवळ क्रूस असावा अशी शिफारसही आहे.

इथे एक घोळ नेहमी होतो. दंडमाफी म्हणजे पापाची क्षमा नव्हे. क्षमेचा प्रश्न कॅटेकिझमच्या (चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकाच्या) 1452 व्या परिच्छेदात येतो: देवावरच्या प्रेमापोटी झालेला खरा पश्चात्ताप, आणि शक्य होताच कन्फेशन करण्याचा पक्का निश्चय, यांनी गंभीर पापाचीही क्षमा होते. पोप फ्रान्सिस यांनीही त्याच मार्च महिन्यात लोकांना हेच सांगितलं होतं.

"आई किती प्रार्थना म्हणायची?" मी विचारलं.

"रोज पूर्ण रोझरी. दिवे गेले तरी अंधारात." मग कागदाकडे पाहत, "म्हणजे ही अट तिनं..."

"कधीच पूर्ण केली होती."

त्यांचा चेहरा हलका झाला. पण पुढच्या भेटीत कळलं, कम्युनियनला ते अजूनही उठले नव्हते. मला याचं नवल वाटलं नाही. नियमाचं उत्तर मिळाल्यावर ओझं तसंच राहिलं, तर ते ओझं नियमाचं नसतंच.

"तेलाचं मिटलं. मग आता काय अडतंय?"

बराच वेळ गेला. "शेवटच्या फोनवर आई म्हणाली, बाळा, एक दशक म्हणूया. मी खेकसलो, आधी ऑक्सिजन सॅच्युरेशन सांग, सिस्टरना विचार किती आहे. ती म्हणाली, 86. तेवढ्यात कोणीतरी मास्क लावला आणि फोन बंद झाला."

आकडा त्यांना पाठ होता. संपूर्ण वॉर्डात त्या आकड्याची काळजी इतकी वर्षं वाहणारं दुसरं कोणी नसेल, हे मी त्यांना म्हटलं. आई प्रार्थनेनं जवळ येत होती, लेक आकड्यानं. रोझरी दुसऱ्या दशकापुढे का जात नव्हती, ते त्या दिवशी आम्हा दोघांनाही दिसलं. आईनं मागितलेलं ते एक दशक अजून म्हणायचं राहिलं होतं.

शोकात 'आता सोडून द्या, पुढे चला' असं मी सांगत नाही. गेलेल्या माणसाशी नातं राहतं, फक्त त्याची रीत बदलते, असं मानणाऱ्यांतली मी आहे. कॅथलिक श्रद्धेत तर मृतांसाठी प्रार्थना करण्याची वाट उघडीच आहे. म्हणून त्यांनी त्या फोनच्या वेळी, घरच्यांना जवळ बसवून, ते दशक मोठ्यानं म्हटलं. एकदाच, रोज केलं की त्याची शिक्षा होते. आईवर खेकसल्याची कबुली त्यांनी फादरांपुढे दिली, कारण पापक्षमा देणं समुपदेशकाचं काम नाही. त्यानंतरच्या रविवारी ते कम्युनियनला गेले.

मोबाइलवरच्या मिस्साबद्दलही अजून खूप विचारणा होते. गंभीर कारणानं मिस्साला जाता आलं नाही तर पाप लागत नाही. चर्चच्या कायद्यातला धर्मनियम 1248 अशा वेळी घरी किंवा कुटुंबात प्रार्थनेला वेळ द्यायला सांगतो. पडद्यावरची मिस्सा आजाऱ्याला आणि घरात अडकलेल्याला आधार देते, पण धडधाकट माणसाची रविवारची उपस्थिती तिनं भरून निघत नाही. फोनवरचं कन्फेशन तर चर्च ग्राह्यच धरत नाही. मिस्सा पाहायचीच तर एकच पाहावी, थेट प्रक्षेपण असलेली. फोन हातात न धरता टेबलावर उभा करावा आणि नोटिफिकेशन बंद ठेवावेत. मिस्सातली बायबलची वाचनं आदल्या दिवशी वाचून ठेवावीत. शुभवर्तमानाला उभं राहावं, उत्तरं मोठ्यानं द्यावीत आणि कम्युनियनच्या वेळी आध्यात्मिक कम्युनियनची (भाकर न घेता मनानं ख्रिस्ताला बोलावण्याची) प्रार्थना म्हणावी. पलंगावर लोळत पाहिलेली मिस्सा मनात टिकत नाही, कारण शरीरानं प्रार्थना केलेलीच नसते. 1576 च्या प्लेगात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमियो यांनी चौकाचौकांत वेद्या मांडल्या होत्या, घरांत कोंडलेल्यांना खिडकीतून मिस्सात भाग घेता यावा म्हणून. ते लोकही दुरूनच सामील होत होते, पण ठरल्या वेळी आणि शेजाऱ्यांसोबत.

ज्यांना पुन्हा चर्चमध्ये जाणं जड जातं, त्यांनी रविवारच्या गर्दीऐवजी आठवड्यातल्या एखाद्या सकाळच्या मिस्सापासून सुरुवात करावी. माणसं थोडी असतात, अर्ध्या तासात संपते.

तेच ते पाप वारंवार कन्फेशनमध्ये सांगूनही समाधान होत नसेल तर एकच धर्मगुरू ठरवावेत, त्यांनी 'पुरे' म्हटलं की थांबावं, आणि मानसोपचारतज्ज्ञालाही भेटावं. झोप उडाली असेल किंवा मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं.

दफनाच्या वेळी मिस्सा झाली नसेल तर ती आजही अर्पण करता येते, उशीर झाला असं काही नसतं. धर्मग्रामाच्या (आपल्या चर्चच्या) कार्यालयात नाव आणि तारीख द्यावी. पुण्यतिथी किंवा 2 नोव्हेंबर (सर्व मृतांचा स्मरणदिन) हवा असेल तर बऱ्याच आधी, कारण त्या दिवसांसाठी नावं फार येतात. 2020 आणि 2021 मध्ये दफनभूमीच्या भेटीची दंडमाफी संपूर्ण नोव्हेंबरभर वाढवली होती. एरवी ती 1 ते 8 नोव्हेंबर असते आणि मृतांच्या नावे घेता येते. हे गृहस्थ यंदा 3 तारखेला जाणार आहेत. 2 ला गर्दी असते, आणि त्यांना तिथे बसून पूर्ण रोझरी म्हणायची आहे.