जळगावची भाची क्ले शूटिंग (हवेत उडवलेल्या चकत्यांवर बंदुकीने नेम धरणं) शिकतेय. 12 बोअरऐवजी 20 किंवा 28 बोअर घेऊन द्यावी का?

शिकायला 20 बोअर द्याच. बोअर म्हणजे नळीचं माप, आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. बारा बोअरचा धक्का खांद्याला बसला की चार-सहा बारांतच पोरं घोडा दाबण्याआधी डोळे मिटतात, खांदा मागे घेतात, आणि ती खोड जाता जात नाही. 20 बोअर वजनाला हलकी, उडत्या क्लेमागे पटकन फिरते. छर्रा मात्र दुबळा होत नाही; वेग जवळपास तोच, काडतुसात छर्रे तेवढे कमी. फक्त हलक्या बंदुकीत जड काडतूस घालू नका, धक्का परत वाढतो. काडतुसात 24 ग्रॅम छर्रे भरपूर झाले.

28 बोअर मला स्वतःला फार आवडते. साधारण 21 ग्रॅम छर्रे, पण जवळच्या क्लेचा भुगा होतो. परदेशात लाव्यांच्या शिकारीला हौसेने हीच घेतात. 410 (हिचा आकडा बोअरचा नाही, नळीची रुंदी 0.410 इंच) जेमतेम 14 ग्रॅमची, ती मुरलेल्या हातांसाठी. नवख्याचा नेम चुकत राहतो आणि उमेद खचते.

आपल्याकडे खरी अडचण काडतुसांची. 12 बोअरची सहज मिळतात, बाकीच्यांची आधी दुकानदाराकडे चौकशी करा. पुढे ऑलिम्पिकच्या ट्रॅप-स्कीटमध्ये (क्ले शूटिंगचे दोन प्रकार) उतरायचं असेल तर 12 बोअरवर यावं; नियमात 12 पेक्षा मोठी नळी चालत नाही, बारीक चालते, पण तिथे बहुतेक सगळे 12 च वापरतात. तिथेही मर्यादा 24 ग्रॅमचीच, त्यामुळे तोवर तिला जड जाणार नाही.

शिकारीचा विचार इथे नकोच, 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. रावेर-यावलकडे केळीत रानडुकरं शिरतात, तिथेही वनखात्याची परवानगी लागते, आणि डुकरासाठी बारीक छर्रे मुळीच वापरू नयेत. जनावर नुसतं जखमी होऊन पळतं.