पडद्याचे कुलूप आणि कन्सोलवरचे उघडे शेल

प्रश्न : मी लिनक्सच्या मजकूर कन्सोलवर लॉगिन करतो आणि तेथून 'स्टार्टएक्स' ही आज्ञा देऊन डेस्कटॉप सुरू करतो. जागेवरून उठताना पडदा न चुकता लॉक करतो. तरीही एका सहकाऱ्याने कंट्रोल-आल्ट-एफ१ आणि मग कंट्रोल-सी दाबून, पासवर्डशिवाय माझे शेल (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) उघडून दाखवले. मी लॉकचा प्रोग्रॅम बदलावा का?

उत्तर : प्रोग्रॅम बदलून हे थांबणार नाही, कारण दोष त्याचा नाही. आपण लॉक केले ते एक्सचे, म्हणजे डेस्कटॉपच्या खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीचे, सत्र. ज्या शेलमधून ते सुरू केले, ते पहिल्या कन्सोलवर लॉगिन झालेल्या अवस्थेत तसेच राहिले होते. सहकाऱ्याने तेथे जाऊन स्टार्टएक्स बंद पाडले, एक्ससोबत कुलूपही गेले, आणि आपले सर्व अधिकार असलेले शेल त्याच्या हाती लागले.

यावरचा उपाय एका शब्दाचा आहे : 'एक्झेक स्टार्टएक्स' अशी आज्ञा द्यावी. त्यामुळे शेलची जागा स्टार्टएक्सच घेते, आणि एक्स कोणत्याही कारणाने बंद पडले तरी समोर पुन्हा लॉगिनची विचारणाच येते. लिनक्सच्या अलीकडच्या अनेक वितरणांत (आवृत्त्यांत) एक्स त्याच कन्सोलवर चालते, त्यामुळे कळांची ही युक्ती तेथे लागू पडत नाही. पण एक्स कोसळले तर शेल तेथेही उघडे पडते, म्हणून एक्झेक तेथेही हवेच.

दुसऱ्या एखाद्या कन्सोलवर रूटचे (सर्वाधिकार असलेल्या खात्याचे) लॉगिन उघडे राहिले असेल, तर मात्र एक्झेकचा काही उपयोग नाही. मजकूर कन्सोलवर काम करताना 'व्हीलॉक' हा कन्सोल लॉक करणारा प्रोग्रॅम नुसता चालवल्यास फक्त समोरचा कन्सोल लॉक होतो. '-ए' हा पर्याय दिल्यावरच कन्सोल बदलणे बंद होते. फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या प्रणालीवर हेच काम 'लॉक -व्ही' करते, मात्र तेथील 'लॉक' १५ मिनिटांनी आपोआप उघडते, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. त्यासाठी '-एन' जोडावे.

मॅजिक सिसआरक्यू कळांकडेही, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) थेट आज्ञा देणाऱ्या कळांकडेही, पाहावे. आल्ट-सिसआरक्यू-के समोरच्या कन्सोलवरचे सर्व प्रोग्रॅम मारते आणि एफ हे अक्षर स्मृती रिकामी करण्यासाठी कर्नलला एखादी प्रक्रिया मारायला लावते. ती प्रक्रिया लॉकचीही असू शकते. 'कर्नल.सिसआरक्यू' या सेटिंगचे मूल्य १७६ ठेवल्यास या दोन्ही कळा बंद होतात आणि डिस्क सुरक्षित करून संगणक पुन्हा सुरू करण्याची सोय शिल्लक राहते. म्हणून सरसकट ० करण्यापेक्षा हे मूल्य मला योग्य वाटते.

खरी अडचण एक्सच्या रचनेत आहे. तेथे लॉक हा इतरांसारखाच एक प्रोग्रॅम असतो. तो कळफलक व माउस ताब्यात घेतो आणि पडद्यावर खिडकी पसरतो, पण तो मेला की खालचे सर्व उघडे पडते. जानेवारी २०१२ मध्ये एक्स सर्व्हर १.११ मध्ये असे आढळले की कंट्रोल आणि आल्टसोबत अंकपट्टीवरील गुणाकाराची कळ दाबल्यास लॉकचा प्रोग्रॅमच बंद पडतो. एक्सच्या जागी येणाऱ्या वेलँडच्या सेशन-लॉक प्रोटोकॉलमध्ये पडदा झाकून ठेवण्याची जबाबदारी कंपोझिटरकडे (पडद्यावरचे चित्र जुळवणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमकडे) असल्यामुळे, लॉकचा प्रोग्रॅम कोसळला तरी सत्र बंदच राहते.

आपल्या संगणकावर काय घडते ते स्वतः तपासावे : पडदा लॉक करावा, दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (दूरवरून लॉगिन करण्याच्या सोयीने) आत यावे आणि लॉकची प्रक्रिया 'किल -९'ने मारून पडद्याकडे पाहावे.